न मावलेली पावणेदोन मिनिटं

आमच्या मित्रमंडळात एक भांडण गेली पस्तीस-चाळीस वर्षं चालू आहे. पिंक फ्लॉइड या इंग्रजी बँडचा सर्वांत चांगला अल्बम कोणता? एकजण ‘द डार्क साइड ऑफ द मून’ म्हणतो, दुसरा ‘विश यू वेअर हिअर’. एक वकील आहेत, ते ‘ॲनिमल्स’शिवाय दुसरं काही ऐकून घेत नाहीत. आणि मी ‘मेडल’चं नाव काढलं, की सगळे एक होऊन माझ्यावर तुटून पडतात. दर पावसाळ्यात एका शनिवारी ही मंडळी पुण्या-मुंबईहून माझ्याकडे खंडाळ्याला येतात. कांदाभजी होतात, चहाची पातेली रिकामी होतात, बाहेर धुकं दारापर्यंत येतं आणि रात्री अकरा वाजले तरी कुणाचंही मत तसूभर हललेलं नसतं.

हे भांडण मी पुष्कळ वर्षं गंमत म्हणून घेतलं. मग जुन्या कॅसेटी गोळा करण्याचा नाद लागला, पत्र्याच्या दोन पेट्या भरल्या, आणि त्या एकेक करून ऐकताना, वेळ मोजून वहीत टिपताना माझ्या लक्षात आलं, की आम्ही ज्याला आवड म्हणतो तिच्यातला बराच भाग फितीच्या लांबीनं ठरवलेला आहे. या लेखात त्याची हकिगत सांगायची आहे.

ज्या वाचकांचा या संगीताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही रॉक बँडना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल अशी ही नावं. त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, पाश्चात्त्य अभिजात संगीतातून आणि जाझमधून हवं ते उचललं, आणि अख्खी तबकडी एकसंध कृती म्हणून बांधली. जेथ्रो टलच्या १९७२च्या ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये तर दोन्ही बाजू मिळून एकच गाणं आहे. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आपल्याकडच्या पुरोगामी चळवळीशी त्याचा काही संबंध नाही. एकदा एका वाचनालयात या विषयावर बोलायला गेलो, तेव्हा या नावामुळे दोन-तीन कार्यकर्ते समोर येऊन बसले होते, आणि बिचारे शेवटपर्यंत बसले.

पिंक फ्लॉइड हा त्यातला सर्वांत लोकप्रिय बँड. १९६५ साली लंडनमध्ये जमला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिक राइट, निक मेसन हे मूळ चौघे. १९६८मध्ये बॅरेट मानसिक आजारामुळे बाहेर पडला, त्याच्या जागी डेव्हिड गिल्मर आला. ‘मेडल’ १९७१चा, ‘डार्क साइड’ मार्च १९७३चा, ‘विश यू वेअर हिअर’ १९७५चा, ‘ॲनिमल्स’ १९७७चा, ‘द वॉल’ १९७९च्या नोव्हेंबरअखेरचा. आमचं भांडण मुख्यतः या पाचांतच फिरतं.

अशी भांडणं मराठी माणसाला नवी नाहीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले, त्या रात्री प्रेक्षागृहात सरळसरळ दोन पक्ष होते. पण ती तुलना दोन जिवंत गळ्यांची होती. तबकडी आली तेव्हा तुलना बदलली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मैफलीत तासभर मांडलेला राग आणि तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीतला राग, या दोन वेगळ्या गोष्टी. पण मिरजेची किंवा पुण्याची मैफल ज्याला मिळाली नाही त्याच्यासाठी खाँसाहेब म्हणजे ती तीन मिनिटं. त्याचं मत त्या तीन मिनिटांवरच होणार. आमचंही तसंच झालं, फक्त मिनिटं वेगळी.

माझी मिनिटं तेवीस होती.

माझे वडील खंडाळ्यात एका बंगल्यावर माळी होते. बंगला मुंबईच्या एका पारशी कुटुंबाचा. खंडाळ्यात असे बंगले पुष्कळ. वर्षातले दहा महिने बंद, मे महिन्यात आणि शनिवार-रविवारी उघडे. १९७७-७८च्या सुमारास बंगल्यातले धाकटे शेठ विलायतेहून शिकून परत आले आणि येताना तबकड्यांचा एक खोका घेऊन आले. पावसाळ्यात ते एकटेच यायचे. दिवाणखान्यात रेकॉर्ड प्लेअर होता, खिडकीबाहेर पागोळ्यांखाली आम्ही कुंड्या सरकवून ठेवायचो. तिथं उभं राहून मी जे ऐकलं ते असं: पत्र्यावर थेंब पडावा तसा एकच स्वर. थोडं थांबून पुन्हा तोच. मग आणखी एक. मग हळूहळू गिटार, आणि पुष्कळ वेळानं माणसाचा आवाज. मध्ये गाणं पार नाहीसं व्हायचं आणि वाऱ्याचा, पाखरांच्या किंकाळ्यांचा आवाज यायचा. मला तो घाटातला वारा वाटे. शेवटी आवाज एकमेकांवर चढत चढत वर जायचे आणि विरायचे, आणि त्या शांततेत खालून बोरघाट चढणाऱ्या गाडीचा आणि तिला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचा घरघराट ऐकू यायचा. गाणं कुठं संपलं आणि गाडी कुठं सुरू झाली, हे मला पहिल्या पावसाळ्यात तरी कळलं नव्हतं.

ते ‘मेडल’च्या दुसऱ्या बाजूवरचं ‘एकोज’ होतं. तो पहिला थेंब म्हणजे रिक राइटच्या पियानोचा एक स्वर, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. त्या किंकाळ्या गिल्मरनं गिटारचं वा-वा पेडल उलटं जोडून काढल्या होत्या. हे सगळं पुढे वाचून कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की धाकटे शेठ तबकडीची तीच बाजू लावतात. ती उलटवून त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे त्या तबकडीला दुसरीही एक बाजू आहे, तिच्यावर पाच गाणी आहेत, एकात लिव्हरपूलचे फुटबॉल प्रेक्षक गातात आणि एकात कुत्रं विव्हळतं, याचा मला वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत पत्ता नव्हता. नव्वदच्या दशकात तो बंगला विकला गेला, पाडला गेला. सामान हलवताना शेठनी तो खोका वडिलांना देऊन टाकला. खंडाळ्याच्या पावसानं वेष्टनांवर बुरशीचे नकाशे काढले होते. ‘मेडल’च्या वेष्टनावर पाण्याखालचा कान आहे, तो माझ्या प्रतीत बुरशीखालचा कान झाला आहे. तबकडी मात्र साफ करून वाजते. तिची दुसरी बाजू घासून पांढुरकी पडली आहे आणि पहिली अजून नव्यासारखी काळी चकचकीत आहे. कुणाच्या आवडीचा इतका सरळ पुरावा मला दुसरा मिळालेला नाही.

मावळात हे संगीत त्याआधीही येऊन गेलं होतं. लोणावळ्यानंतरचं स्टेशन मळवली; कार्ल्याची आणि भाज्याची लेणी बघायला लोक तिथं उतरतात. अमेरिकेत ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकचा जलसा झाला, त्याच्या प्रेरणेनं १९७१ साली मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉकचा मेळा भरला होता. त्या पिढीतले नंदू भेंडे मराठी वाचकाला माहीत असतील: आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधले जूडास, आणि १९७८मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’तले गायक नट. म्हणजे मराठी रंगभूमी आणि रॉक यांच्यात भिंत होती असं नाही. पण मुंबईतल्या रॉकवाल्यांकडे तबकड्या होत्या, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं, तिथं उभं राहून ऐकण्याची सोय होती, कलकत्त्याहून निघणारं ‘जेएस’ हे इंग्रजी तरुण साप्ताहिक होतं. पिंक फ्लॉइडच्या तबकड्या ईएमआयच्या, त्यामुळे आपल्या ग्रामोफोन कंपनीच्या डमडमच्या कारखान्यातही त्यातल्या काही निघाल्या. तरी तबकडी ही चैन होती, आणि प्लेअर त्याहून मोठी चैन. आमच्यासारख्यांच्या हाती हे संगीत आलं ते ऐंशीच्या दशकात, कॅसेटीतून.

लोणावळा-पुणे लोकल १९७८मध्ये सुरू झाली होती. तिनं मी पुण्याला कॉलेजात जाऊ लागलो. तिथं मला माझा मित्र भेटला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याला छापून आलेलं आवडलं नसतं. तो शनिवार पेठेतला, वडील पोस्टात. आमच्या दोघांच्याही घरी विकतची इंग्रजी कॅसेट परवडण्यासारखी नव्हती. पण तेव्हा तबकडीवरून कॅसेटीवर उतरवून देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. दुकानात टंकलिखित यादी असे. कोरी कॅसेट न्यायची, यादीतला क्रमांक सांगायचा, दोन दिवसांनी न्यायला जायचं. कॉपीराइट वगैरे शब्द आमच्या कानांवर आलेले नव्हते. आतल्या कागदावर दुकानदाराचा पोऱ्या बॉलपेननं नाव लिहायचा. माझ्या पेटीत ‘ॲटम हॉट मदर’ नावाची एक कॅसेट आहे. मूळ ‘ॲटम हार्ट मदर’च्या वेष्टनावर हिरव्या कुरणातली गाय आहे, बँडचं नावसुद्धा नाही, पण कॅसेटवाल्या पिढीनं ती गाय पाहिलीच नाही. ‘ॲनिमल्स’वरच्या कारखान्याच्या धुराड्यांमधून उडणारं डुक्करही नाही, आणि ‘विश यू वेअर हिअर’वर हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एक पेटलेला आहे तेही नाही. तबकडीवाले वेष्टनासकट मत बनवत होते, आम्ही निव्वळ कानानं.

आता मुख्य मुद्दा. कोरी कॅसेट दोन मापांत सर्रास मिळे: सी-साठ आणि सी-नव्वद. सी-साठ म्हणजे तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजू, सी-नव्वद म्हणजे पंचेचाळीस-पंचेचाळीसच्या. शहाणा गिऱ्हाईक सी-नव्वद न्यायचा, कारण एका बाजूला एक याप्रमाणे दोन अल्बम बसत. ‘डार्क साइड’ सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा. ‘विश यू वेअर हिअर’ चव्वेचाळीसच्या थोडा पुढे. दोन्ही पंचेचाळीसच्या आत. माझ्या पेट्यांत सर्वांत जास्त वेळा सापडणारी जोडी हीच: एका बाजूला चंद्र, उलटवली की बॅरेटच्या आठवणीत केलेली ती लांब विराणी. ‘डार्क साइड’ की ‘विश यू’, हा आमच्यातला सर्वांत जुना वाद. तो या दोनच अल्बमांत का, तर ते एकाच कॅसेटीच्या दोन बाजूंना होते. एक संपला की दुसरा ऐकायचाच, आणि तुलना आपोआप व्हायची. ‘डार्क साइड’ अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत सातशेहून जास्त आठवडे होता, हे खरं. पण पुण्यात त्याला बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळाला तो सी-नव्वदच्या मापामुळे, असं माझं मत आहे.

‘द वॉल’ दोन तबकड्यांचा, एक्याऐंशी मिनिटांचा. त्याला अख्खी सी-नव्वद लागायची, पण बसायचा चपखल: पहिली तबकडी एका बाजूला, दुसरी दुसऱ्या. त्या अल्बमच्या अगदी शेवटी एक वाक्य अर्धवट तुटतं आणि ते पूर्ण होतं अल्बमच्या अगदी सुरुवातीला. तबकडीवाल्याला हे वर्तुळ अनुभवायला उठून तबकडी बदलावी लागे. ज्याच्याकडे आपोआप बाजू बदलणारा टेपरेकॉर्डर होता त्याला ते वर्तुळ फुकट मिळालं. आमच्यातला जो एकमेव ‘वॉल’वाला आहे, त्याचा मामा आखातात होता आणि त्यानं तसला टेप आणला होता. हा योगायोग आहे असं तो म्हणतो.

आणि ‘मेडल’? पावणेसत्तेचाळीस मिनिटं. पंचेचाळीसला पावणेदोन मिनिटं जास्त. शिवाय दुकानदार मधे तबकडी उलटवायचा तेवढे काही सेकंद वेगळे. काही कंपन्यांच्या फिती पंचेचाळीसच्या थोड्या पुढे धावत, काही जेमतेम. त्यामुळे नेमकं कुठं तुटणार हे कॅसेटीगणिक वेगळं. पण सी-नव्वदच्या एका बाजूवर घेतलेला ‘मेडल’ तुटणार हे नक्की, आणि तुटणार तो ‘एकोज’च्या शेवटी, जिथे ते चढत जाणारे आवाज सुरू होतात तिथं. ज्यांनी सी-साठवर घेतला त्यांना अख्खा मिळाला: एका बाजूला पाच गाणी, दुसरीवर तेवीस मिनिटांचं ‘एकोज’, आणि उरलेल्या सहा मिनिटांत दुकानदाराच्या मर्जीचं काहीतरी. माझ्या सी-साठवर ‘एकोज’ विरून गेल्यावर क्षणभरानं बोनी एम सुरू होतं. आजही ‘एकोज’ संपलं की माझ्या मनात तो ढोल वाजतो. वाजू दे.

मित्राकडे सी-नव्वद होती. त्याचं मत होतं, की ‘मेडल’ हा अपुरा अल्बम आहे, या लोकांना शेवट करता येत नव्हता, तो करायला ते ‘डार्क साइड’मध्ये शिकले. हे तो इतक्या ठामपणे आणि इतक्या सुंदर रीतीनं मांडायचा, की ऐकणाऱ्याला पटायचं. ‘डार्क साइड’ हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो, ‘विश यू’ ज्या रचनेनं उघडतो तिच्याच उत्तरार्धानं मिटतो, ‘ॲनिमल्स’च्या दोन्ही टोकांना एकाच छोट्या गाण्याचे दोन भाग आहेत, म्हणजे शेवट बांधण्याची विद्या त्यांना १९७३नंतर आली, असा त्याचा सिद्धान्त. मी म्हणायचो, “अरे, ‘एकोज’चा शेवट तर सर्वांत चांगला आहे.” तो म्हणायचा, “कुठला शेवट? खट् होतं आणि संपतं.” मला वाटायचं तो चेष्टा करतोय. त्याला वाटायचं मी खिडकीबाहेर उभा राहून पाऊस ऐकला आणि त्याला गाणं समजतोय. एकदा चिडून तो तसं म्हणालाही, चारचौघांत. त्यात बंगला, खिडकी, माळ्याचा पोरगा सगळं आलं. त्यानंतर आम्ही वर्षभर बोललो नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून म्हणाल, तर हो.

दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याची कॅसेट लावून बघण्याची बुद्धी झाली नाही. माझी कॅसेट त्याच्या घरी वाजली असती, तर तीस मिनिटांत निकाल लागला असता.

उलगडा झाला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, सीडी आल्यावर. एव्हाना आम्ही पुन्हा बोलू लागलो होतो. त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढलं होतं. त्यानं नव्या नोकरीच्या पगारातून ‘मेडल’ची सीडी घेतली आणि रात्री खंडाळ्याला ट्रंककॉल केला. एसटीडी आल्यावरही तो ट्रंककॉलच म्हणायचा. म्हणाला, “पुढं आहे अजून.” मी काही बोललो नाही. तो म्हणाला, “दहा वर्षं मी ‘खट्’ला शेवट समजत होतो.”

इथं वाचकाची अपेक्षा असेल, की त्यानं मत बदललं. माझीही होती. पुढच्या पावसाळ्यात तो आला, भजी खाल्ली आणि म्हणाला, की तो शेवट मला चिकटवल्यासारखा वाटतो. माझं गाणं तुटतं तिथंच संपतं. त्याचा सिद्धान्त पुराव्यानं कोसळला होता, हे त्यानं मान्य केलं. पण ‘मेडल’ यादीत पाचवा तो पाचवाच. मला तेव्हा राग आला. आता वाटतं, त्याला जी वस्तू मिळाली तिच्याशी तो प्रामाणिक राहिला. मी तरी काय वेगळं केलं? पहिल्या बाजूवरची पाच गाणी मी इतकी वर्षं ऐकतोय, चांगली आहेत म्हणतो, पण माझ्या लेखी ‘मेडल’ म्हणजे अजूनही तेवीस मिनिटंच.

फेब्रुवारी २००७मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला, उत्तरार्धात त्यानं अख्खा ‘डार्क साइड’ वाजवला. आम्ही सगळे गेलो होतो. परतीच्या वाटेवर घाटात गाडी अडकली आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत भांडण झालं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००८मध्ये, रिक राइट वारला. त्या पहिल्या थेंबाचा माणूस गेल्यावर आपण ‘एकोज’ वाजवणार नाही, असं गिल्मरनं सांगितलं, आणि २०१६मध्ये पॉम्पेईच्या त्याच प्राचीन रंगभूमीवर तो पुन्हा उभा राहिला, तेव्हाही वाजवलं नाही. १९७१ साली त्याच जागी, प्रेक्षकांविना, चौघांनी ते वाजवलं होतं, आणि त्याची फिल्म आम्ही व्हिडिओ कॅसेटीवर इतक्यांदा पाहिली होती, की चित्र पुसट होत गेलं होतं.

मित्र तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोनं कॅसेटींची पिशवी माझ्याकडे पाठवली. वहिनींनी वर चिठ्ठी लावली होती, “तुमच्या पेटीत घाला.” ती सी-नव्वद त्यात होती, एका बाजूला ‘ॲनिमल्स’, दुसरीला ‘मेडल’. आतल्या कागदावर दुकानातल्या पोऱ्याचं अक्षर, खाली मित्राच्या अक्षरात तारीख. फीत सैल झाली होती. पेन्सिलीनं आवळली, डोक्यावरची बुरशी स्पिरिटनं पुसली आणि स्टॉपवॉच हातात घेऊन लावली. वहीतली नोंद अशी आहे: ‘एकोज’ सुरू झाल्यापासून बावीस मिनिटं दहा सेकंद. वर चढणारे आवाज नुकते सुरू झालेले. मग खट्.

यंदाच्या पावसाळ्यातही मंडळी आली होती. मतं मोजली तेव्हा वकिलांनी त्याचंही मत धरलं. ‘मेडल’ला एकच मत पडलं, माझं.